पैसे गेले कुठे? आमदार पुलित्झरची गोष्ट

पत्रकारिता आणि साहित्यासाठीचे अमेरिकेतले पुलित्झर पुरस्कार दरवर्षी जाहीर होतात, आपल्याकडच्या पेपरांत बातमी येते, विजेत्यांत एखादं भारतीय नाव असलं तर जरा मोठी येते. पण ज्याच्या नावाने हा पुरस्कार आहे तो जोसेफ पुलित्झर एकेकाळी आमदार होता, आणि आमदार असतानाच त्याने एका कॉन्ट्रॅक्टरवर पिस्तूल झाडलं होतं, हे फारसं कोणी सांगत नाही. मी जिल्ह्याच्या पेपरात बरीच वर्षं काढली, त्यामुळे असेल कदाचित, पण मला या माणसाच्या आयुष्यातला हाच तुकडा सगळ्यात जवळचा वाटतो. न्यूयॉर्कमधला पेपर, सगळ्यात उंच बिल्डिंग, यॉट, ते सगळं नंतरचं.

मुळात पोरगा हंगेरीतल्या माको गावचा, जन्म 10 एप्रिल 1847, घर ज्यू, वडील धान्याचे व्यापारी. वडील 1858 मध्ये गेले, आईने दुसरं लग्न केलं, आणि पोराच्या डोक्यात सैन्यात जायचं खूळ बसलं. नजर अधू, अंगाने काडी, त्यामुळे ऑस्ट्रियाच्या सैन्याने घेतलं नाही, बाकीच्यांनीही नाही. तेव्हा अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं, उत्तरेकडच्या फौजेला माणसं कमी पडत होती, भरती करणारे एजंट युरोपात फिरत होते, त्यांना हा चालला. 1864 मध्ये बोटीने अमेरिकेत आला, घोडदळात गेला, वर्षभरात युद्ध संपलं आणि सतरा-अठराचा हा पोरगा न्यूयॉर्कच्या रस्त्यावर बेकार. जर्मन येत होतं, हंगेरियन येत होतं, फ्रेंच येत होतं, इंग्रजी जेमतेम. कोणीतरी सांगितलं की सेंट लुईसला जा, तिकडे जर्मन बोलणारे खूप आहेत, मग निघाला.

सेंट लुईसजवळ मिसिसिपी नदीवर तेव्हा पूल नव्हता. 1865 चा ऑक्टोबर, नदीच्या अलीकडे थांबलाय, पलीकडे सेंट लुईसचे दिवे दिसतायत आणि खिशात फेरीबोटीचे पैसे नाहीत. बोटीवर कोळसा टाकायला माणूस हवा होता, तो झाला, असा गावात पोचला. मग खेचरांची देखभाल केली, हॉटेलात वाढपी झाला, गोदीवर ओझी उचलली. 1866 मध्ये शहरात कॉलरा आला तेव्हा नदीतल्या बेटावर मेलेल्यांना पुरायच्या कामावरही होता. आणि हे सगळं करून उरलेला वेळ मर्कंटाइल लायब्ररीत. तिथे इंग्रजी शिकला, कायदा वाचला, बुद्धिबळ खेळला. बुद्धिबळाच्या पटाजवळच त्याची ओळख शहरातल्या मोठ्या जर्मन मंडळींशी झाली, त्यात कार्ल शुर्त्स आणि एमिल प्रीटोरियस होते, 'वेस्टलिखे पोस्ट' हा जर्मन पेपर त्यांचा. 1868 मध्ये त्यांनी याला रिपोर्टर म्हणून घेतलं.

रिपोर्टर कसा होता, तर सगळीकडे जाणारा. बाकीचे पत्रकार त्याच्या उच्चारांवर, नाकावर, लांबुळक्या देहावर हसायचे, तो प्रश्न विचारत राहायचा. तेव्हा सेंट लुईस परगण्याचा कारभार 'काउंटी कोर्ट' नावाचं मंडळ बघायचं. नाव कोर्ट असलं तरी काम कारभाराचं, रस्ते, इमारती, कर, कॉन्ट्रॅक्ट, आपल्या जिल्हा परिषदेच्या स्थायी समितीसारखं समजा. आणि पुलित्झरला दिसत होतं की पैसे जातात ते काही ठरावीक माणसांच्याच घरी जातात.

ज्यांनी जिल्ह्याच्या पेपरात काम केलंय त्यांना हे वेगळं सांगायला नको. निविदा सूचनांचं पान मी कितीतरी वेळा लावलंय, बारीक टायपातला तो मजकूर, कामाचं नाव, अंदाजपत्रकीय रक्कम, बयाणा रक्कम, कोरी निविदा मिळण्याचं ठिकाण. पेपरचं पोट बऱ्यापैकी त्या जाहिरातींवर चालतं आणि खरी बातमीही तिथेच झोपलेली असते. एकाच रस्त्याचं काम तीन वर्षांत तीनदा दिसतं आणि प्रूफ वाचणाऱ्याला ते लक्षातही येतं. लक्षात आलेलं छापायचं की नाही हा पुढचा प्रश्न, आणि तिथेच बहुतेक जण थांबतात, मीही थांबलेले लोक पाहिलेत, चांगले, हुशार लोक.

पुलित्झर थांबला नाही, आणि त्याच सुमारास त्याच्यासमोर एक विचित्र संधी आली. डिसेंबर 1869 मध्ये मिझुरीच्या, म्हणजे सेंट लुईस ज्या राज्यात आहे त्याच्या, विधानसभेची एक पोटनिवडणूक लागली. मतदारसंघ डेमोक्रॅट पक्षाचा, रिपब्लिकनांना जिंकायची आशा नव्हती, म्हणून त्यांनी या पोराला उभं केलं. हा दारोदार फिरला आणि 209 विरुद्ध 147 मतांनी निवडून आला. गंमतीचा भाग सोडा, पण कायद्याने त्याला ती जागा घेताच येत नव्हती, राज्यघटनेत किमान वय 24 होतं आणि हा 22 चा. कोणी विचारलं नाही, त्याने सांगितलं नाही. जानेवारी 1870 मध्ये राजधानीच्या गावी, जेफरसन सिटीला, शपथ घेऊन बसलासुद्धा. हे मला खटकतं, आणि खटकायलाच हवं, कारण दुसऱ्याचे हिशोब मागणारा माणूस स्वतःच्या वयाबद्दल गप्प बसला होता.

आणि आमदार झाला तरी रिपोर्टरचं काम सोडलं नाही. सभागृहात बसायचा आणि त्याच सभागृहाच्या बातम्या 'वेस्टलिखे पोस्ट'ला पाठवायचा. आज आपल्याला हे चालणार नाही, पण त्या काळात तिकडे पेपर म्हणजे पक्षाचाच हात, संपादक निवडणुका लढवायचे, आमदार पेपर चालवायचे, त्यात कोणाला वावगं वाटत नसे. पुलित्झरने सभागृहात गेल्या गेल्या हात घातला तो काउंटी कोर्टाच्या अधिकारांनाच, त्यांना चाप लावणारं बिल आणलं. परगण्याने वेड्यांचं मोठं इस्पितळ बांधलं होतं, त्याच्या कामाचं कॉन्ट्रॅक्ट कॅप्टन एडवर्ड ऑगस्टिन नावाच्या माणसाकडे होतं. कोर्टाचे अधिकार गेले की आपलं काय होणार हे ऑगस्टिनला कळत होतं, त्यामुळे तोही बिल पाडायला जेफरसन सिटीत तळ ठोकून होता.

27 जानेवारी 1870. संध्याकाळी श्मिट्स हॉटेलात आमदार, लॉबीवाले, पत्रकार असे सगळे बसलेले. तिथे दोघांची जुंपली. ऑगस्टिनने सगळ्यांदेखत त्याला खोटारडा म्हटलं. ऑगस्टिन अंगापिंडाने आडदांड आणि समोर काडी पैलवान, त्यामुळे लोकही हसले असणार. पुलित्झर तिथून उठला, आपल्या खोलीवर गेला, पिस्तूल घेतलं आणि परत आला. पुन्हा शब्दाला शब्द, ऑगस्टिन अंगावर धावून आला, याने गोळी झाडली, ती त्याच्या पायाला लागली, आणि ऑगस्टिनने तशाच पायाने येऊन याचं डोकं फोडलं. दोघंही वाचले. सभागृहात चौकशीची मागणी झाली, ती बारगळली. खटला मात्र चालला, 1871 च्या शेवटी 100 डॉलर दंड आणि वर कोर्टाचा खर्च, तो मित्रांनी मिळून भरला.

मी या प्रसंगावर पुन्हापुन्हा येतो. कारण राग बरोबर होता. परगण्याचे पैसे, रुग्णांसाठी बांधायची इमारत, त्यात खाणारी माणसं, आणि वर सगळ्यांसमोर खोटारडा म्हणणं, कोणाचंही डोकं फिरेल. पण हॉटेलातून खोलीपर्यंत जायला आणि परत यायला काही मिनिटं लागतात, तेवढ्या वेळात माणूस थांबू शकतो, तो थांबला नाही, आणि गोळी लागली त्याने कॉन्ट्रॅक्टमधला एक डॉलरसुद्धा परत आला नाही. उलट ऑगस्टिन जखमी आणि बिचारा झाला, पुलित्झर माथेफिरू परदेशी ठरला, मूळ प्रश्न बाजूलाच. पुढच्या निवडणुकीत तो हरला, आमदारकी एवढ्यावरच संपली.

नंतर गव्हर्नरने त्याला सेंट लुईसच्या पोलीस बोर्डावर नेमलं, 'वेस्टलिखे पोस्ट'मध्ये एडिटर आणि भागीदार झाला, भाग विकून पैसे केले, वकिली केली. 1875 मध्ये मिझुरीची नवी राज्यघटना लिहायला परिषद बसली तिच्यात तो निवडून गेला आणि तिथे सेंट लुईस शहराला स्वतःचा कारभार स्वतः करू द्या यासाठी बोलला. त्या घटनेच्या आधारे 1876 मध्ये शहर परगण्यापासून वेगळं झालं. काउंटी कोर्टाचा जाच संपला खरा, पण शहराची हद्द तिथेच कायमची गोठली, पुढे उपनगरं वाढत गेली, पैसा आणि माणसं हद्दीबाहेर निघून गेली आणि ते शहर आजही त्या निर्णयाची किंमत मोजतंय. म्हणजे घटनेत लिहून घेतलेली गोष्टसुद्धा अशी उलटू शकते.

त्याचं खरं हत्यार त्याला 9 डिसेंबर 1878 ला मिळालं, लिलावात. 'सेंट लुईस डिस्पॅच' नावाचा दिवाळं निघालेला संध्याकाळचा पेपर 2,500 डॉलरला उचलला, डोक्यावर 30 हजारांचं कर्ज तसंच. तीनच दिवसांत 'पोस्ट' या दुसऱ्या पेपरात तो मिसळला आणि 'पोस्ट-डिस्पॅच' झाला, आजही निघतो. आणि मग 1879 मध्ये त्याने जे केलं ते मला आमदारकीच्या सगळ्या भाषणांपेक्षा मोठं वाटतं. शहरातल्या श्रीमंतांनी कर भरताना स्वतःची मालमत्ता किती दाखवली आहे, त्याच्या याद्याच छापून टाकल्या. नाव आणि समोर आकडा. मोठ्या हवेल्यांत राहणारी, गाड्याघोडे बाळगणारी माणसं कागदावर कफल्लक. शेजारी-पाजारी वाचणारच, कारण कोण कुठे राहतो, कोणाच्या मुलीचं लग्न कसं झालं, हे सगळ्या गावाला माहीत असतं. ही कागदपत्रं सरकारी दप्तरात पडलेलीच होती, फक्त कोणी उघडून मांडली नव्हती. यात ना पिस्तूल, ना शिवी, नुसता आकडा.

हीच पद्धत त्याने 1883 मध्ये न्यूयॉर्कला नेली. जे गूल्ड या रेल्वेवाल्या धनाढ्याकडून तोट्यातला 'वर्ल्ड' हा पेपर 3 लाख 46 हजार डॉलरला घेतला आणि थोड्याच वर्षांत तो देशातल्या सर्वात जास्त खपणाऱ्या पेपरांपैकी एक झाला. मोठी चित्रं, गुन्हे, भडक मथळे, हे सगळं होतंच, ते लपवण्यात अर्थ नाही. पण त्याबरोबर 1885 मधली ती पुतळ्याची मोहीमही होती. फ्रान्सने स्वातंत्र्यदेवतेचा पुतळा दिला, चौथरा अमेरिकेने बांधायचा होता, पैसे संपले, काम अडलं, आणि न्यूयॉर्कचे करोडपती खिशात हात घालेनात. 'वर्ल्ड'ने मार्चमध्ये हाक दिली की श्रीमंतांची वाट बघू नका, तुम्ही द्या, आणि देणाऱ्या प्रत्येकाचं नाव छापू, रक्कम कितीही लहान असो. ऑगस्टपर्यंत लाख डॉलरच्या वर जमले, देणारे 1 लाख 20 हजारांहून जास्त, बहुतेकांचे पैसे डॉलरपेक्षा कमी. आयोवातल्या एका बालवाडीने 1 डॉलर 35 सेंट पाठवले ते नोंदलेलं आहे.

त्या याद्यांबद्दल मला फार वाटतं. बारीक टायपात, रांगेने, नाव आणि समोर 5 सेंट, 10 सेंट, 25 सेंट. ज्यांचं नाव पेपरात यायचं म्हणजे एकतर अपघातात नाहीतर पोलिसांत, त्या माणसांनी आपलं नाव शोधण्यासाठी पेपर उघडला असेल, पोरांना दाखवला असेल, कापून ठेवला असेल. यात खप वाढवायचा हिशोब होता का, होता, शंभर टक्के होता. तरीही जमा झालेला पैसा सेंटासकट सगळ्यांसमोर मांडणं ही तीच सेंट लुईसची पद्धत, फक्त यावेळी कोणाला पकडायला नाही तर मान द्यायला वापरलेली. सार्वजनिक कामाची वर्गणी अशी मांडली की देणारा पुन्हा देतो, हे आपल्याकडे कुठल्याही मंडळाच्या फलकापुढे उभं राहिलं तरी कळतं.

त्याच वर्षी तो अमेरिकेच्या काँग्रेसचा, म्हणजे तिथल्या संसदेचा, खासदारही होता. 1884 च्या निवडणुकीत न्यूयॉर्कमधून निवडून आला आणि 10 एप्रिल 1886 ला, आपल्या एकोणचाळिसाव्या वाढदिवशी, राजीनामा देऊन मोकळा झाला. पेपर आणि खासदारकी दोन्ही जमत नाही म्हणाला. तेवीसाव्या वर्षाच्या आतच सभागृहात काय होतं आणि काय होत नाही हे त्याने पाहिलं होतं, त्यामुळे ही निवड त्याला जड गेली नसावी असं मला वाटतं. माझ्या ओळखीतले काही संपादक निवडणुकीला उभे राहिले, एक-दोन निवडूनही आले, आणि निवडून आल्यावर त्यांचं लिहिणं हळूहळू निवेदनासारखं होत गेलं. खुर्ची सोडून लिहायला परत आलेला माझ्या तरी पाहण्यात नाही. म्हणून तो राजीनामा मला महत्त्वाचा वाटतो.

मग डोळे गेले. 1887 पासून नजर झपाट्याने उतरली, 1890 मध्ये संपादकपद सोडावं लागलं, आवाजाचा असा त्रास व्हायला लागला की घरात जाड भिंतींच्या खोल्या बांधून घेतल्या, आणि वर्षचे वर्ष बोटीवर फिरत राहिला. सेक्रेटरी त्याला पेपर वाचून दाखवायचे, तो सांगायचा, ते लिहून न्यूयॉर्कला जायचं. पण प्रश्न तोच राहिला. 1904 च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत त्याने 'वर्ल्ड'मध्ये स्वतः लिहून राष्ट्राध्यक्ष थिओडोर रूझवेल्टना विचारलं की तुमच्या प्रचाराला मांसवाल्या ट्रस्टने, म्हणजे त्या धंद्यातल्या मक्तेदार कंपन्यांच्या गटाने, किती दिले, कोळशाच्या ट्रस्टने किती, साखरेच्या किती, तेलाच्या किती, असे ओळीने दहा प्रश्न. निवडणुकीला कोण पैसे देतो हे मतदाराला कळलं पाहिजे, एवढंच त्याचं म्हणणं.

आणि 1908 मध्ये पनामा. कालव्यासाठी अमेरिकेने जुन्या फ्रेंच कंपनीला 4 कोटी डॉलर मोजले होते, 'वर्ल्ड'ने विचारलं की ते शेवटी पोचले कोणाला, आणि काही नावं घेतली, त्यात राष्ट्राध्यक्षांच्या मेहुण्याचंही नाव होतं. रूझवेल्ट एवढे भडकले की त्यांनी 15 डिसेंबर 1908 ला काँग्रेसला खास संदेश पाठवला आणि पुलित्झरवर सरकारनेच खटला भरावा म्हटलं. भरलाही. 'वर्ल्ड'चे आरोप सिद्ध झाले नाहीत, हे लिहायला हवं. पण 3 जानेवारी 1911 ला सुप्रीम कोर्टाने एकमताने सरकारला परत पाठवलं, अशी बदनामीची केस संघराज्याच्या कोर्टात चालवायचा तुम्हाला अधिकार नाही म्हणून. आंधळा, आजारी, देशाच्या अध्यक्षाने नाव घेऊन तुरुंगाची धमकी दिलेला माणूस, आणि याने माघार घेतली नाही. त्याच वर्षी 29 ऑक्टोबरला चार्ल्सटन बंदरात आपल्या बोटीवरच तो गेला. मागे 20 लाख डॉलर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाला, त्यातून पत्रकारितेची शाळा आणि 1917 पासून ते पुरस्कार.

मला हा माणूस आवडतो, त्यामुळे 1899 चा जुलै गाळून पुढे जाणं बरोबर नाही. न्यूयॉर्कमध्ये पेपर विकणारी पोरं, दहा-बारा वर्षांची, शंभर पेपर 50 सेंटला घ्यायची आणि एकेक करून 1 सेंटला विकायची, उरले तर नुकसान त्यांचं. 1898 मध्ये स्पेनशी युद्ध झालं, 'वर्ल्ड' आणि त्याचा प्रतिस्पर्धी मालक हर्स्टच्या 'जर्नल'ने युद्धाच्या बातम्या भडक करून करून खप प्रचंड वाढवला, आणि पोरांना द्यायचा भाव शंभराला 60 सेंट केला. युद्ध चालू होतं तोवर पेपर हातोहात जायचे म्हणून पोरांनी सोसलं. युद्ध संपलं, खप उतरला, बाकीच्या पेपरांनी भाव खाली आणला, या दोघांनी नाही. तेव्हा पोरांनी हे दोन पेपर विकायचे बंद केले. सभा घेतल्या, ब्रुकलिनचा पूल अडवला, पेपरांच्या गाड्या उलथवल्या. 'वर्ल्ड'चा खप साडेतीन लाखांवरून सव्वा लाखाच्या आसपास आला. पुलित्झरला ऑफिसमधून सगळं कळवलं जात होतं.

शंभर पेपरांमागचे ते जादा 10 सेंट कुठे जातायत, एवढंच ती पोरं विचारत होती. दोन आठवड्यांनी तडजोड झाली, भाव 60 सेंटच राहिला, न खपलेले पेपर परत घ्यायचं मात्र दोन्ही मालकांनी कबूल केलं. ज्या 'वर्ल्ड'ने बालवाडीचे 1 डॉलर 35 सेंट छापले होते त्यात या संपाबद्दल जवळपास काहीच आलं नाही. ती पोरं काय बोलली, कोणत्या चौकात जमली, कोणी भाषण केलं, हे वाचायचं तर त्या दिवसांचे 'सन' आणि 'ट्रिब्यून' हे दुसरे पेपर काढून बसावं लागतं.